किंमत कागदाची, मोल साक्षीचे : नाहीशा झालेल्या सिनेगॉगची जलरंगचित्रे कशी पारखावीत?

१/
एखाद्या प्रादेशिक चित्रकाराने शाईने व जलरंगाने काढलेले जुन्या सिनेगॉगचे चित्र लिलावात येते, तेव्हा त्याची किंमत साधारणपणे तीन गोष्टींवर ठरते : सही कोणाची आहे, कागद कसा टिकला आहे आणि त्या चित्रकाराची आधीची चित्रे कितीला गेली. मात्र चित्रातली इमारतच जगातून नाहीशी झालेली असेल, तर हा हिशेब अपुरा पडतो. पोलंडच्या राजधानीत आज एक रंगीत तक्तपोशी उभी आहे. तिचे रंग मूठभर जुन्या चित्रांवरून परत मिळाले. हा धागा त्या तक्तपोशीचा, आणि अशी चित्रे पारखण्याच्या शास्त्राचा. #इतिहास

२/
सिनेगॉग म्हणजे यहुदी समाजाचे प्रार्थनागृह. मराठी मुलखाला ते परके नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधवलेल्या ‘ओहेल डेव्हिड’ला लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात. कोकणातून मुंबईत आलेले बेने इस्रायल आपल्या प्रार्थनागृहाला ‘मशीद’ म्हणत. सामुएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये स्थापन केलेले त्यांचे प्रार्थनागृह ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखले गेले. हे दोन्ही समाज आपापल्या वास्तू आजही दाखवू शकतात. पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या लाकडी सिनेगॉगांच्या नशिबी मात्र हे भाग्य नव्हते.

३/
सतराव्या-अठराव्या शतकांत पोलंड आणि लिथुआनिया यांचे एक विशाल संयुक्त राज्य होते. आजचा पोलंड, लिथुआनिया, बेलारूस आणि युक्रेनचा बराच भाग त्यात येई. या राज्यातल्या लहान लहान बाजारगावांत यहुदी मोठ्या संख्येने राहत. १६४८ मध्ये ख्मेल्नित्स्कीच्या नेतृत्वाखाली कझाकांचा उठाव झाला आणि त्यात असंख्य यहुदी वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. त्यानंतर जी गावे पुन्हा उभी राहिली, त्यांनी आपली प्रार्थनागृहे बहुधा लाकडाचीच बांधली. जंगल जवळ होते आणि कसबी सुतार गावोगाव होते.

४/
बाहेरून ही वास्तू म्हणजे ओंडक्यांची भिंत आणि तिच्यावर एकावर एक चढत गेलेली उतरती छपरे. आत पाऊल टाकले की वेगळेच विश्व. छपराच्या कैच्यांना आतून टांगलेला लाकडी घुमट, मध्यभागी तोरा वाचण्याचे व्यासपीठ आणि पूर्वेच्या भिंतीला तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कोरीव कपाट. भिंती व तक्तपोशी यांवर तसूभरही मोकळी जागा नाही. हिब्रू प्रार्थनांचे मोठमोठे फलक, वेली, फुले, राशिचक्र, सिंह, एकशिंगी घोडे, हत्ती, अस्वले, गोल फेरा धरून एकमेकांमागे धावणारे ससे. मनुष्याकृती मात्र टाळलेली. त्या काळच्या पंथीय संकेतांत राहून चितारलेले हे एक संपूर्ण ब्रह्मांडच होते.

५/
अशा वास्तूंपैकी एक होती ग्वोझ्जेत्स या गावी. आज हे गाव पश्चिम युक्रेनमध्ये असून त्याचे नाव ह्विझ्देत्स असे उच्चारले जाते. सिनेगॉग सतराव्या शतकाच्या मध्यास बांधले गेले. पुढे १७२९ च्या सुमारास त्याची जुनी तक्तपोशी बदलून तंबूसारखा वर निमुळता होत जाणारा नवा घुमट बसवण्यात आला आणि तो आतून रंगवण्यात आला. चित्रकारांनी आपली नावे तिथेच लिहून ठेवली होती : यारिखूव गावचा इस्रायल बिन मोर्देखाय लिस्नित्स्की, आणि त्याच गावचा इसहाक बिन येहुदा लेब हाकोहेन.

६/
हे कोणी दरबारी कलावंत नव्हते. गावोगाव फिरून सिनेगॉग रंगवणारे ते कारागीर होते. खोदोरूव या दुसऱ्या गावच्या सिनेगॉगमध्येही याच इस्रायल लिस्नित्स्कीचे नाव १७१४ या सालासह नोंदले गेले होते. कलेच्या बाजारात त्यांच्या नावाला कवडीची किंमत असण्याचे कारण नव्हते. विकण्याजोगे असे त्यांनी काही केलेच नाही. त्यांचे सारे काम भिंतींवर होते, आणि भिंती लाकडाच्या होत्या.

७/
१७७२ मध्ये पोलंडचे पहिले विभाजन झाले आणि हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया प्रांतात गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना आणि क्राकूव इथल्या चित्रकारांचे लक्ष या आडगावच्या लाकडी वास्तूंकडे वळू लागले. रेल्वे आली होती आणि ‘लोककला’ या कल्पनेला प्रतिष्ठा मिळत होती. या ओघात ग्वोझ्जेत्सला तीन माणसे वेगवेगळ्या हेतूंनी पोहोचली. तिघांनीही तीच तक्तपोशी पाहिली. तिघांनी मागे ठेवलेला पुरावा मात्र तीन प्रकारचा आहे, आणि मूल्यांकनाचा खरा धडा याच फरकात आहे.

८/
पहिला, पोलिश चित्रकार कारोल माश्कोव्स्की. १८९० च्या दशकात, ऐन तरुणपणी, त्याने ग्वोझ्जेत्सच्या भिंती व तक्तपोशी यांवरील चित्रांचे तपशील रंगीत रेखाटनांत उतरवून घेतले. ही विक्रीसाठी काढलेली चित्रे नव्हती. समोर जे आहे ते रंगासह नोंदवावे, एवढाच त्यांचा हेतू. पुढे माश्कोव्स्की चित्रकार म्हणून पोलंडबाहेर फारसा गाजला नाही. लिलावाच्या भाषेत तो ‘प्रादेशिक’ चित्रकारच राहिला.

९/
दुसरा, इसिडोर काउफमान. जन्म १८५३ चा, हंगेरीच्या राज्यातल्या अराद गावचा, कारकीर्द व्हिएन्नात. यहुदी जीवनाची बारीक, तेजस्वी तैलचित्रे काढणारा हा नामांकित कलावंत. विषयांच्या शोधात तो गॅलिशियाच्या गावांतून हिंडे. ग्वोझ्जेत्सच्या सिनेगॉगचा अंतर्भाग त्याने १८९७-९८ च्या सुमारास तैलरंगात चितारला. त्याच्या चित्रांना त्याच्या हयातीतही श्रीमंत ग्राहक होते आणि आजही मोठ्या लिलावांत त्यांना चढा भाव मिळतो.

१०/
तिसरा, आलोइस ब्रायर. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातला वास्तुशास्त्राचा हा विद्यार्थी १९१० ते १९१३ या काळात कॅमेरा व मोजपट्टी घेऊन लाकडी सिनेगॉगांच्या मागे लागला. त्याने ग्वोझ्जेत्सची छायाचित्रे घेतली, मापे घेतली आणि आराखडे काढले. बाजाराच्या दृष्टीने हे काम कलाकृतीत मोडतच नव्हते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि गॅलिशिया ही त्याची एक रणभूमी झाली. म्हणजे ब्रायर पोहोचला तो जवळजवळ अखेरच्या क्षणी.

११/
पुढे ग्वोझ्जेत्सचे ते सिनेगॉग नष्ट झाले. १९३९ नंतर नाझींनी पोलंडमधली रंगवलेली लाकडी सिनेगॉगे एकामागून एक जाळली, आणि त्यांत प्रार्थना करणाऱ्या समाजाचाही संहार केला. लिथुआनियात पाक्रुओयिस येथील १८०१ च्या सिनेगॉगसारख्या मोजक्या लाकडी वास्तू तेवढ्या उरल्या. अठराव्या शतकातला तो घुमट आणि त्याखालची रंगभरली भिंत आज पोलंडमध्ये मूळ स्वरूपात कुठेही पाहता येत नाही. उरले ते कागद.

१२/
आता पारख सुरू होते. सामान्य समज असा की छायाचित्र हा सर्वांत खरा पुरावा. आकारापुरते ते खरेच आहे : ब्रायरच्या छायाचित्रांतून प्रत्येक प्राण्याची रेषा, प्रत्येक हिब्रू अक्षराची जागा मिळते. रंगाच्या बाबतीत मात्र छायाचित्र मुके असते, आणि कधी कधी ते फसवतेही. त्या काळच्या काचेच्या फोटोप्लेटा लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. तांबडा रंग त्यांत काळपट उमटे आणि निळा रंग फिकट. केवळ छायाचित्रावरून भिंत रंगवायची म्हटली, तर तांबडी पार्श्वभूमी काळी ठरण्याचा धोका होता.

१३/
इथे काउफमानचे तैलचित्र बोलू लागते. त्यात रंग आहेत आणि भिंतींवर पडलेला ऊबदार उजेडही. पण काउफमान चित्र घडवत होता. छायेत गेलेला कोपरा त्याने गडद केला, दृश्याला साजेल तसा प्रकाश फिरवला. अशा चित्रात भिंतीचा मूळ रंग आणि त्या घटकेचा उजेड हे एकमेकांत मिसळलेले असतात. त्यांना वेगळे करणे अवघड जाते. कलाकृती म्हणून जे त्याचे सामर्थ्य, तीच पुरावा म्हणून त्याची मर्यादा.

१४/
माश्कोव्स्कीच्या कागदांची जागा या दोहोंच्या मधे आहे. त्यांत वातावरण नाही आणि नाट्यही नाही. आहे तो केवळ नक्षीचा तुकडा आणि त्याचा रंग. एखाद्या ग्राहकाला हे कागद कोरडे वाटतील. पण ज्याला तक्तपोशी पुन्हा रंगवायची आहे, त्याला नेमका हाच कोरडेपणा हवा असतो. ब्रायरकडून रेषा, काउफमानकडून सर्वसाधारण छटा आणि माश्कोव्स्कीकडून तपशिलाचा रंग. तिन्ही साक्षी एकत्र आल्या तेव्हाच चित्र पुरे झाले.

१५/
यावरून मूल्यांकनाचा पहिला प्रश्न ठरतो : चित्रकार त्या वास्तूसमोर खरोखर बसला होता का? याचे उत्तर कागदावरच शोधावे लागते. शाईखाली पेन्सिलीच्या मापाच्या रेषा, कंपासाच्या टोकाची छिद्रे, समासात लिहिलेली रंगांची नावे, एकाच खिडकीचे दोनदा केलेले प्रयत्न, या साऱ्या जागेवर केलेल्या कामाच्या खुणा. उलट, चित्र एखाद्या ज्ञात छायाचित्राशी कोनासह, सावलीसह तंतोतंत जुळत असेल, तर ते बहुधा त्या छायाचित्रावरून किंवा छापील पोस्टकार्डावरून उतरवलेले असते.

१६/
दुसऱ्या महायुद्धानंतर गमावलेल्या गावांच्या आठवणीने अशी असंख्य चित्रे काढली गेली. काही स्मरणातून, काही पुस्तकांतून. त्यांना भावनिक मोल आहे. त्यांतली काही सुंदरही आहेत. पण स्मरणातून काढलेले चित्र हा त्या माणसाच्या आठवणीचा पुरावा असतो, भिंतीचा नव्हे. मूल्यांकनाच्या नोंदीत हा भेद स्पष्ट लिहिणे ही पारखणाऱ्याची जबाबदारी ठरते.

१७/
हा भेद एकाच प्रवासात कसा दिसू शकतो, याचे ठळक उदाहरण रशियन साम्राज्यातून मिळते. पहिल्या महायुद्धाच्या काळात एल लिसित्स्की आणि इस्साखार बेर रिबाक हे दोन तरुण यहुदी चित्रकार नीपर नदीकाठच्या गावांतील जुनी सिनेगॉगे पाहत फिरले. मोगिलेव्ह येथील लाकडी सिनेगॉग स्लुत्स्कच्या हाइम बिन इसहाक सेगल या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवले होते. तिथे पाऊल ठेवताच आलेला विस्मय लिसित्स्कीने पुढे युरोपातल्या थोर प्राचीन वास्तूंच्या दर्शनाशी ताडून पाहिला.

१८/
रिबाकने या प्रवासाचे सार तैलरंगात ओतले. १९१७ च्या त्याच्या ‘जुने सिनेगॉग’ या चित्रात छपरे तिरपी होतात, आकाशाचे काचेसारखे तुकडे पडतात. क्युबिझमच्या प्रभावाखालचे ते एक समर्थ चित्र आहे. ते संग्रहालयाची शोभा वाढवते. मात्र त्यावरून एक खिडकीही पुन्हा बसवता येणार नाही. लिसित्स्कीने मात्र मोगिलेव्हच्या भित्तिचित्रांच्या काळजीपूर्वक रंगीत नकला केल्या. पुढे अमूर्त कलेचा अग्रणी ठरलेला हा माणूस तिथे नकलाकार होऊन बसला होता.

१९/
१९२३ मध्ये बर्लिनच्या एका यहुदी कलानियतकालिकात लिसित्स्कीचा मोगिलेव्हवरील लेख काही रंगीत नकलांसह छापून आला. सिनेगॉग पुढे सोव्हिएत राजवटीत पाडले गेले आणि नकलांचे मूळ कागदही हरवले. आज मोगिलेव्हच्या रंगांसाठी अभ्यासकांना त्या छापील पानांकडेच वळावे लागते. वास्तू गेली, चित्र गेले, चित्राची छपाई उरली. अशा वेळी नियतकालिकाचा जीर्ण अंकही दस्तऐवजाच्या पदाला पोहोचतो.

२०/
दुसरा प्रश्न काळाचा : चित्र सांगते त्या काळाचे आहे का? कागद याची बरीच उत्तरे देतो. तो प्रकाशासमोर धरला की जलचिन्ह दिसते, आणि काही गिरण्यांच्या जलचिन्हांत सालही असते. अतिनील प्रकाशाखाली कागद निळसर-पांढरा लखलखू लागला, तर त्यात प्रकाशवर्धक रसायन मिसळलेले आहे. हे रसायन साधारणपणे विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच कागदात दिसते. १८९५ ची तारीख टाकलेले चित्र अशा कागदावर असेल, तर तारीख खोटी आहे किंवा नंतर टाकलेली आहे.

२१/
शाई आणि रंग हेही साक्ष देतात. लोह आणि माजूफळ यांपासून केलेली शाई काळाबरोबर तपकिरी होते आणि कागद कुरतडत जाते. काजळीची शाई काळीच राहते. पांढऱ्या रंगाची परीक्षा विशेष उपयोगी : जस्ताचा पांढरा जलरंग इंग्लंडमध्ये १८३४ पासून विकला जाऊ लागला, टायटॅनियमचा पांढरा मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आला. एकोणिसाव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या चित्रात टायटॅनियम सापडला, तर एक तर मागाहून डागडुजी झाली आहे किंवा लबाडी.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला जमेल अशीही एक परीक्षा आहे : गावाचे नाव. या प्रदेशाच्या सरहद्दी वारंवार बदलल्या आणि त्यांबरोबर नावांचे लेखनही. चित्राखाली जर्मन वळणाचे नाव असेल तर ऑस्ट्रियाचा काळ संभवतो, पोलिश असेल तर दोन महायुद्धांमधली वर्षेही, आणि सिरिलिक लिपीत असेल तर बहुधा सोव्हिएत किंवा त्यानंतरचा काळ. एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण पोलिश भाषा ऑस्ट्रियाच्या काळातही वापरात होती. पण नाव, कागद आणि शाई यांची साक्ष परस्परांशी जुळते का, हे पाहता येते.

२३/
तिसरा प्रश्न रंग विटण्याचा. जलरंग प्रकाशाने फिके पडतात, हे ठाऊक असले तरी ते किती आणि कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला होता. १८८८ मध्ये रसेल आणि अ‍ॅबनी यांच्या सरकारी अहवालाने प्रयोगांनिशी दाखवून दिले की काही तांबडे आणि जांभळे रंग फार लवकर उडतात. म्हणून भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या चित्रातला आजचा गुलाबी हा मूळचा लालभडक असू शकतो. चौकटीच्या पुठ्ठ्याखाली झाकलेली कडा पाहिली की मूळ रंगाची कल्पना येते.

२४/
याचा एक उलटा परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या चित्राला कोणी प्रतिष्ठेने दिवाणखान्यात लावले नाही, जे कपाटातल्या फायलीत पडून राहिले, त्याचे रंग अधिक टिकतात. उपेक्षित कागद हा कित्येकदा अधिक विश्वासू साक्षीदार ठरतो. म्हणून चौकटीत बसवलेल्या चित्राइतकेच लक्ष संग्रहालयाच्या फायलीतल्या सुट्या कागदांकडे द्यावे लागते.

२५/
चौथा प्रश्न मालकीचा, आणि या विषयात तो सर्वांत नाजूक. यहुदी कुटुंबांच्या आणि संस्थांच्या संग्रहांची १९३३ ते १९४५ या काळात अफाट लूट झाली. १९९८ मध्ये वॉशिंग्टन येथे ४४ देशांनी नाझींनी लुटलेल्या कलाकृतींबाबत काही तत्त्वे मान्य केली : मालकीचा शोध घ्यावा, नोंदी खुल्या कराव्यात आणि न्याय्य तोडगा काढावा. सिनेगॉगच्या चित्रामागचा शिक्का, चौकट करणाऱ्याची चिठ्ठी, खोडलेले नाव हे म्हणूनच शोभेचे तपशील नसतात. त्या बारा वर्षांत चित्र कोणाकडे होते, हे कळल्याखेरीज मूल्यांकन पुरे होत नाही.

२६/
कागद जपण्यासाठी काहींनी जिवाचे मोल मोजले. वॉर्सॉच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक ओस्कार सोस्नोव्स्की यांच्या संस्थेने दोन महायुद्धांच्या दरम्यान विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवून जुन्या वास्तूंची मोजमापे घेतली. लाकडी सिनेगॉगे त्यांत होती. हे काम पुढे नेणाऱ्यांत शिमोन झायचिक हा यहुदी कला-इतिहासकार प्रमुख होता. सप्टेंबर १९३९ मध्ये वॉर्सॉवर बाँबवर्षाव चालू असताना सोस्नोव्स्की आपल्या विभागाच्या आवारात जखमी झाले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. झायचिक नाझींच्या हातून मारला गेला.

२७/
१९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सॉ रिकामे करून पद्धतशीर उद्ध्वस्त करायला घेतले. त्या धामधुमीत सहकाऱ्यांनी संस्थेचे आराखडे शहराबाहेर काढले आणि प्योत्रकूव येथील मठात लपवले. युद्धानंतर मारिया आणि काझिमियेझ पियेखोत्का या वास्तुविशारद दाम्पत्याने ते कागद अभ्यासले. १९५७ मध्ये लाकडी सिनेगॉगांवरचे त्यांचे पोलिश पुस्तक निघाले आणि १९५९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर. जगाला या वास्तूंचा परिचय झाला तो त्या पुस्तकामुळे.

२८/
बाजाराचा खेळ इथे पुन्हा दिसतो. १९७० मध्ये वास्तुविशारद रिचर्ड मायर याने हे पुस्तक आपला मित्र, अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेला याला दिले. त्यातले आराखडे पाहून स्टेलाने ‘पोलिश व्हिलेज’ ही शंभराहून अधिक कलाकृतींची मालिका केली. प्रत्येक कृतीला एका नष्ट झालेल्या सिनेगॉगच्या गावाचे नाव. स्टेलाच्या या कृती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. ज्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत छपरावर चढून मापे घेतली, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे सामान्य वाचकाला ठाऊक नाहीत.

२९/
आता पुन्हा ग्वोझ्जेत्सकडे. अमेरिकेतल्या हँड्सहाउस स्टुडिओ या संस्थेने पोलिश सहकाऱ्यांबरोबर त्या सिनेगॉगचे छप्पर आणि तक्तपोशी पुन्हा घडवण्याचे ठरवले. केवळ रूप नव्हे, रीतही जुनीच ठेवायची होती. २०११ मध्ये पोलंडमधल्या सानोक येथे ओंडके कुऱ्हाडीने तासून, जुन्या पद्धतीचे सांधे करून लाकूडकाम उभे राहिले. मग पोलंडच्या निरनिराळ्या शहरांतील कार्यशाळांत विद्यार्थी आणि स्वयंसेवक तक्तपोशीच्या फळ्या रंगवू लागले.

३०/
या कार्यशाळांत माश्कोव्स्की, काउफमान आणि ब्रायर पुन्हा एकत्र आले. रेषा छायाचित्रांवरून फळ्यांवर उतरवल्या गेल्या. सरसात खलून घेतलेले रंग जुन्या रीतीने चढवले गेले. कोणता रंग कुठे, याचा निर्णय रंगीत चित्रांच्या आधारे, छटा पुन्हा पुन्हा पडताळून घेतला गेला. जिथे रंगीत साक्ष नव्हती, तिथे त्याच वास्तूच्या दुसऱ्या भागावरून अनुमान करावे लागले. म्हणजे एका कागदावरचा चार बोटांचा रंगाचा पट्टा संपूर्ण भिंतीचा आधार झाला.

३१/
मूळ मापाच्या सुमारे ८५ टक्के आकाराची ती तक्तपोशी आज वॉर्सॉच्या पोलिन संग्रहालयात आहे. पोलंडमधल्या यहुद्यांच्या हजार वर्षांच्या इतिहासाचे हे मुख्य दालन ऑक्टोबर २०१४ मध्ये खुले झाले. ज्या भागात हे संग्रहालय आहे, तिथेच युद्धकाळात वॉर्सॉचा बंदिस्त यहुदी मोहल्ला होता. माना वर करून पाहणाऱ्यांना सिंह दिसतात, राशिचक्र दिसते, सशांचा फेरा दिसतो. यारिखूवच्या त्या दोन कारागिरांची कला अशी पुन्हा माणसांच्या नजरेत आली.

३२/
तेव्हा शाई-जलरंगातले एखादे सिनेगॉग समोर आले तर पारखणाऱ्याने दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. पहिली किंमतीची : चित्रकार, अवस्था, माध्यम, आधीची विक्री. दुसरी साक्षीची : वास्तू कोणती, ती उभी आहे का, चित्र जागेवर काढले का, रंग किती टिकले आहेत, अन्य पुरावा कोणता, मालकीची साखळी अखंड आहे का. पहिल्या नोंदीत अनोळखी सहीचे चित्र तळाशी जाईल. दुसऱ्या नोंदीत तेच सर्वांत वर येऊ शकते.

३३/
आणि एक व्यावहारिक नियम. अशा चित्राची ‘साफसफाई’ घाईने करू नये. समासातली पेन्सिलीची अक्षरे खोडू नयेत, मागची मळकी चिठ्ठी काढून टाकू नये, जुना पुठ्ठा फेकू नये. विकताना चित्र स्वच्छ दिसावे म्हणून जे काढले जाते, त्यातच कित्येकदा गावाचे नाव, रंगाची टीप किंवा लुटल्या गेलेल्या घराचा पत्ता असतो.

३४/
माश्कोव्स्कीने जेव्हा ग्वोझ्जेत्सच्या भिंतीवरचा रंग कागदावर उतरवला, तेव्हा ती भिंत धडधाकट उभी होती आणि तिच्याखाली रोज प्रार्थना होत होती. त्या कागदाची गरज भासावी असे तेव्हा काहीच घडले नव्हते. गरज भासली ती शंभराहून अधिक वर्षांनी, सानोकच्या ओंडक्यांवर पहिला रंग चढवताना. (समाप्त)